‘अप्रसिद्ध’ दरोडेखोर आणि ‘इन्फेमी’ची कूळकथा

काही वर्षांपूर्वी एक भाषांतर तपासताना हे वाक्य समोर आलं : ‘त्या काळातला सर्वांत अप्रसिद्ध दरोडेखोर अखेर पकडला गेला.’ मी ते दोनदा वाचलं. ज्याला कोणी ओळखत नाही तो दरोडेखोर पकडला गेला, तर ‘अखेर’ कशाला? मूळ इंग्रजी काढून पाहिलं. तिथे शब्द होता ‘इन्फेमस’.

भाषांतर करणाऱ्याचं गणित सरळ होतं. ‘कम्प्लीट’ म्हणजे पूर्ण, ‘इनकम्प्लीट’ म्हणजे अपूर्ण. ‘ॲक्टिव्ह’ सक्रिय, ‘इनॲक्टिव्ह’ निष्क्रिय. तर मग ‘फेमस’ प्रसिद्ध आणि ‘इन्फेमस’ अप्रसिद्ध. मी लाल पेनाने ‘कुप्रसिद्ध’ करून पुढे गेलो खरा, पण गणित डोक्यातून जाईना. कारण उत्तर चुकलं होतं आणि रीत मात्र बरोबर होती. ‘इन्फेमस’मधला ‘इन’ हा खरंच नकाराचा ‘इन’ आहे.

याच शब्दावर उलटी घसरगुंडीही होते. ‘इन्फेमस’ म्हणजे ‘फेमस’च्या वरची पायरी असं समजून चांगल्या माणसाची स्तुती करताना तो वापरणारे लोक आहेत. उच्चारही फसवा. आपण मराठीत ‘इन्फेमस’ लिहितो, पण इंग्रजीत जोर पहिल्या ‘इन’वर पडतो आणि ‘फे’ दबून ‘फ’ होतो, साधारण ‘इन्फमस’ असा. वाचून शब्द शिकलेल्यांचा इथे हमखास घोळ होतो. माझाही बरीच वर्षं होत असे.

गाठ सोडवायची तर लॅटिनपर्यंत मागे जावं लागतं. ‘फेम’ आला लॅटिन ‘फामा’वरून, आणि फामा म्हणजे आधी कीर्ती नव्हेच. फामा म्हणजे लोक जे बोलतात ते : बातमी, वदंता, अफवा, कुजबुज. ‘फारी’ म्हणजे बोलणे, त्यावरून फामा. व्हर्जिल या रोमन कवीने ‘एनीड’ महाकाव्याच्या चौथ्या सर्गात तिला राक्षसीण करून उभी केली आहे. अंगावर जितकी पिसं तितके डोळे, तितक्याच जिभा आणि तितकेच कान. आधी भेदरलेली, एवढीशी असते. मग चालता चालता वाढत जाते, शेवटी पाय जमिनीवर आणि डोकं ढगांत. खरं आणि खोटं ती सारख्याच उत्साहाने सांगत सुटते.

मराठीत या राक्षसिणीसाठी दोन अक्षरांचा एक शब्द आहे, ‘म्हणे’. ‘तो म्हणे नोकरी सोडून गेला.’ कोण म्हणे? विचारायचं नसतं. म्हणणाऱ्याचं नाव नाही, पुरावा नाही, पण बातमी पोहोचली. फामा ती हीच. गंमत अशी की हे साम्य नुसतं अर्थाचं नाही. ‘म्हणणे’ हे क्रियापद संस्कृत ‘भण्’ धातूवरून प्राकृतमार्गे आपल्याकडे आलं, आणि भाषांचे अभ्यासक ‘भण्’ला लॅटिन ‘फारी’च्याच कुळात मोजतात. म्हणजे इंग्रजांचा ‘फेम’ आणि आपला ‘म्हणे’ हे दूरचे चुलतभाऊ लागतात. भाऊबंद आणखीही आहेत. ‘फेट’, म्हणजे नशीब, मुळात देवांनी ‘बोललेलं’. ‘फेबल’, म्हणजे सांगितलेली गोष्ट. ‘इन्फंट’, म्हणजे तान्हं मूल, शब्दशः ‘न बोलणारं’; इथेही तोच नकाराचा ‘इन’. पायदळाची ‘इन्फन्ट्री’सुद्धा याच तान्ह्या बाळाची वंशज, कारण ‘इन्फान्ते’ हा शब्द पुढे पोरगेल्या वयाच्या पायदळ शिपायाला लागला.

प्रसिद्धीचं मूळ बोलण्यात असणं ही काही लॅटिनची मिरास नाही. ‘ख्याती’ ज्या ‘ख्या’ धातूवरून आली त्याचाच अर्थ सांगणे. आख्यान आणि व्याख्या तिथूनच निघाले. ‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ही एकाच घरचे. कुख्यात म्हणजे काय, तर ज्याच्याबद्दल वाईट सांगितलं जातं तो.

आता ते अडलेलं गणित. फामा म्हणजे लोकांचं बोलणं, पण लॅटिनमध्ये हा शब्द हळूहळू ‘लोकांतलं चांगलं नाव’ या अर्थीही रुळला. मराठीतल्या ‘नाव’ या शब्दाचं अगदी असंच झालं आहे. ‘पोराने नाव काढलं’ म्हटल्यावर कुठलं नाव, चांगलं की वाईट, असं कोणी विचारत नाही. ‘घराण्याचं नाव घालवलं’ म्हणजे लोक ते घराणं विसरले असं नव्हे. उलट आता जरा जास्तच आठवतात. नाव जाणं म्हणजे निनावी होणं नव्हे. तसाच लॅटिन ‘इन्फामिस’ म्हणजे ज्याचं नाव गेलं तो, आणि त्याच्या अवस्थेला म्हणायचं ‘इन्फामिया’. हीच फ्रेंचमधून इंग्रजीत येऊन ‘इन्फेमी’ झाली. भाषांतरकाराने ‘इन’चा नकार बरोबर लावला होता. त्याला ‘फेम’मध्ये फक्त ओळख दिसली, अब्रू दिसली नाही.

त्याच्या बाजूने आणखी एक सांगायला हवं. लॅटिनमध्येच या कुळातले शब्द सरळ वागत नाहीत. ‘फेमस’चा पूर्वज ‘फामोसुस’ म्हणजे ज्याच्याबद्दल फार बोललं जातं तो, आणि प्राचीन लॅटिनमध्ये तो बहुतेक वेळा वाईट अर्थानेच यायचा. रोमन कायद्यात ‘फामोसुस’ पत्रक म्हणजे कोणाची तरी बदनामी करणारं पत्रक. ज्याच्याविषयी फार बोललं जातं त्याने काहीतरी केलंच असणार, असा हिशोब. इंग्रजीत येता येता ‘फेमस’ सभ्य झाला आणि वाईटपणाची सगळी जबाबदारी ‘इन्फेमस’वर टाकून मोकळा झाला.

पण रोममध्ये इन्फामिया ही नुसती लोकांच्या तोंडची गोष्ट राहिली नाही, आणि मला या शब्दाचा सगळ्यांत रोचक भाग हाच वाटतो. रोमनांनी त्या ‘म्हणे’चं कायद्यात रूपांतर केलं. न्यायदान करणारा अधिकारी, म्हणजे प्रेटर, जो जाहीरनामा काढत असे त्यात इन्फामिया कोणाला लागते याची यादीच होती. सम्राट जस्टिनियनने इ. स. 533 मध्ये प्रसृत केलेल्या ‘डायजेस्ट’ या कायद्याच्या संकलनात ती आजही वाचता येते. चोरी, लूट किंवा फसवणूक यांत दोषी ठरलेला माणूस यादीत आहे, यात नवल नाही. पण चोरीच्या खटल्यात पैसे देऊन तडजोड करणाराही आहे. खटला मिटवलास म्हणजे तू चोर होतासच, हा त्यामागचा विचार. भागीदाराला किंवा पोरक्या मुलाला फसवल्याचा ठपका बसलेला आहे. सैन्यातून बेअब्रू होऊन हाकललेला शिपाई आहे. एकाच वेळी दोघींशी वाङ्‌निश्चय करणारा आहे. जावई वारल्यावर शोकाचा ठरलेला काळ संपायच्या आत मुलीचं दुसरं लग्न लावून देणारा बाप आहे. आणि यांच्याच रांगेत आहे रंगमंचावर अभिनयासाठी उतरणारा नट.

इन्फामिया लागली की काय व्हायचं? तुरुंग नाही, फटके नाहीत. माणूस नागरिक राहायचा, पण अर्धामुर्धा. मानाचं सरकारी पद मिळायचं नाही. काही जवळचे नातेवाईक सोडले तर दुसऱ्या कोणाच्या वतीने प्रेटरपुढे उभं राहून बोलता यायचं नाही. ज्याच्याविषयी लोक बोलतात त्याने इतरांसाठी बोलायचं नाही. शिक्षाही शब्दाच्या मुळाला धरून होती, मग ती ठरवणाऱ्याच्या मनात तसं असो वा नसो.

नट त्या यादीत का, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता. पैशासाठी आपलं शरीर लोकांच्या नजरेला देणं रोमन प्रतिष्ठितांना हीन वाटे, हे त्याचं मूळ उत्तर. भाड्याने लढणारे ग्लॅडिएटरही याच कलंकात यायचे. हजारो लोक ज्यांच्या नावाने आरोळ्या ठोकत, ज्यांची नावं भिंतींवर कोरत, ते कायद्याच्या लेखी इन्फामिस. एकच माणूस एकाच दुपारी फेमसही आणि इन्फेमसही. सम्राट नीरो स्वतः रंगमंचावर गायला उभा राहिला तेव्हा रोमचे सरदार इतके का हादरले, हे या यादीवरून कळतं. सम्राट गातो ही अडचण नव्हतीच मुळी. तो इन्फामिस लोकांचं काम करत होता.

या कलंकाला रोममध्ये एक धाकटा भाऊही होता. दर पाच वर्षांच्या सुमारास नागरिकांची गणना व्हायची, ती करणारे सेन्सर नावाचे अधिकारी लोकांच्या वागणुकीवरही नजर ठेवायचे. एखाद्याचं वागणं खटकलं की यादीत त्याच्या नावापुढे खूण. इ. स. पू. 275 मध्ये कॉर्नेलियस रुफिनुस या सिनेट सदस्याचं नाव असंच कापलं गेलं. गृहस्थ दोनदा कॉन्सल, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च पदावर, राहून आलेले. गुन्हा काय, तर घरात दहा रोमन पौंड, म्हणजे आपल्या मापाने जेमतेम सव्वातीन किलो, चांदीची भांडी बाळगली. इतकी चैन सिनेटरला शोभत नाही! या खुणेने येणाऱ्या कमीपणाला म्हणायचे ‘इग्नोमिनिया’, इंग्रजीत ‘इग्नोमिनी’. त्यात आहे लॅटिन ‘नोमेन’, म्हणजे नाव. ‘नोमेन’, संस्कृत ‘नामन्’ आणि फारसी ‘नाम’ ही एकाच मुळाची रूपं. म्हणून ‘इग्नोमिनी’ला मराठीत सख्खा शब्द शोधायचा तर तो ‘बदनामी’. नुसता अर्थच नाही, आतलं हाडही तेच.

मध्ययुगात कथा पुढे सरकते ती चर्चच्या न्यायालयांत. 1215 साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने असं ठरवलं, की एखाद्या धर्माधिकाऱ्याविरुद्ध कोणी तक्रारदार पुढे आला नाही, तरी त्याच्याबद्दलची वाईट ‘फामा’ वारंवार कानावर येत असेल तर तेवढ्यावर चौकशी सुरू करता येईल. तक्रारदाराची जागा थेट ‘म्हणे’ने घेतली.

इंग्लंडमध्ये ‘इन्फेमी’ला न्यायालयात फार व्यावहारिक अर्थ होता. राजद्रोह, गंभीर गुन्हे, खोटी साक्ष, खोटे दस्तऐवज असल्या ‘इन्फेमस’ गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या माणसाला साक्षीदार म्हणून उभंच करत नसत. त्याने डोळ्यांनी खून पाहिलेला असला तरी. शब्द गेला तो गेला. ही बंदी उठली 1843 च्या कायद्याने. साक्ष घ्या, विश्वास किती ठेवायचा ते ज्युरी ठरवतील, असा नवा विचार आला. अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र हा शब्द आजही जिवंत आहे. 1791 मध्ये मंजूर झालेली पाचवी दुरुस्ती सांगते, की मृत्युदंडाच्या किंवा अन्य ‘इन्फेमस’ गुन्ह्याचा खटला ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवल्याशिवाय चालवता येणार नाही. आता इन्फेमस गुन्हा ओळखायचा कसा? 1885 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाट काढली : गुन्हा किती लाजिरवाणा हे बघू नका, शिक्षा कोणती होऊ शकते ते बघा. सक्तमजुरीची कैद होऊ शकत असेल तर गुन्हा इन्फेमस. लोकांच्या बोलण्यातून जन्मलेला शब्द शेवटी शिक्षेच्या मापाने मोजला गेला.

‘इन्फेमस’बरोबर ज्याची कायम गल्लत होते तो ‘नोटोरियस’. त्याचा प्रवास अगदी वेगळा. लॅटिन ‘नोतुस’ म्हणजे ज्ञात. आपल्या ‘ज्ञा’ धातूच्याच कुळातला. नोटोरियस म्हणजे सर्वांना ठाऊक असलेलं, बस्स. त्यात वाईट काहीच नव्हतं. सोळाव्या शतकात इंग्रजीत आला तोही असाच निर्मळ. पण संगत वाईट लागली. नोटोरियस पापी, नोटोरियस चोर असा तो सतत वाईट नामांना चिकटून येऊ लागला, आणि नामांचा काळेपणा विशेषणाला लागला. मराठी वर्तमानपत्रांत ‘नामचीन’चं हेच झालंय. हिंदीत नामचीन कलाकार असतो, नामचीन वकील असतो. मराठी बातमीत नामचीन म्हटलं की पुढे गुंडच येणार. शब्दाने स्वतः काही गुन्हा केलेला नाही.

‘नोटोरियस’चा जुना स्वच्छ अर्थ एका अनपेक्षित ठिकाणी शाबूत आहे, तो म्हणजे अमेरिकेतला जमिनीचा कायदा. दुसऱ्याच्या जमिनीवर वर्षानुवर्षं कब्जा ठेवून मालकी सांगायची असेल, तर तो कब्जा ‘ओपन अँड नोटोरियस’ असावा लागतो. म्हणजे गुंडगिरीने घेतलेला नव्हे, तर उघड, चारचौघांना दिसेल असा. भाषांतर करताना इथे ‘कुप्रसिद्ध कब्जा’ केलं तर माझ्या त्या अप्रसिद्ध दरोडेखोराला जोडीदार मिळेल.

अलीकडे तर हा शब्द उलटा फिरायला लागला आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांना 2013 पासून चाहते कौतुकाने ‘नोटोरियस आरबीजी’ म्हणू लागले. एका रॅप गायकाच्या नावावरची ती कोटी होती. न्यायमूर्तींनाही ती आवडली. ‘इन्फेमस’ला असं लाडाचं रूप चढणं मला कठीण वाटतं. नोटोरियस रस्ता म्हणजे हमखास वाहतूक तुंबणारा. म्हणताना हसता येतं. इन्फेमस म्हटलं की तिथे काहीतरी घडून गेलेलं असतं.

आणि तरीही ही इन्फेमी मुद्दाम, हौसेने कमावणारेही झाले. इ. स. पू. 356 मध्ये हेरोस्ट्रेटस नावाच्या माणसाने इफिसस इथलं आर्टेमिस देवीचं भव्य मंदिर पेटवून दिलं. प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांच्या यादीत आर्टेमिसचं जे मंदिर येतं, ते पुढे याच जागी नव्याने बांधलेलं. का जाळलं? आपलं नाव जगात राहावं म्हणून, असं त्याने कबूल केलं. इफिससकरांनी त्याला नेमकी शिक्षा शोधली : याचं नाव पुन्हा कोणी उच्चारायचं नाही. ठराव चोख होता, पण थिओपॉम्पस या इतिहासकाराने नाव लिहून ठेवलं आणि ठराव वाहून गेला. जिभांना बंदी घालता येत नाही, हे व्हर्जिलच्या राक्षसिणीला त्यांच्यापेक्षा बरं ठाऊक होतं.

मराठीत या सगळ्यांसाठी शब्द निवडताना मी एक भेद पाळतो. ‘डिफेमेशन’ ही कृती आहे, एकाने दुसऱ्याची केलेली. तिथे बदनामी किंवा कायद्याच्या भाषेत अब्रुनुकसानी. ती खोट्याच्या जोरावरही होऊ शकते. ‘इन्फेमी’ ही अवस्था आहे, बहुतेक वेळा स्वतःच्या करणीने ओढवलेली. तिथे अपकीर्ती किंवा दुष्कीर्ती. बदनामी लोक करतात, अपकीर्ती आपली होते. ‘नोटोरायटी’ला कुप्रसिद्धी चालते, आणि सूर हलका असेल तर नुसतं ‘प्रसिद्ध’ म्हणून भुवई उंचावली तरी भागतं.

एका वाक्यापाशी मात्र हा भेदही पुरत नाही. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यात 2,403 अमेरिकी माणसं मेली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणाचा मसुदा सेक्रेटरीला सांगून टाइप करून घेतला. त्या कागदावर पहिलं वाक्य असं होतं, की 7 डिसेंबर ही तारीख ‘वर्ल्ड हिस्टरी’त, जगाच्या इतिहासात, जिवंत राहील. मग त्यांनी हातात पेन्सिल घेऊन ‘वर्ल्ड हिस्टरी’ हे दोन शब्द खोडले आणि वर एकच लिहिला : ‘इन्फेमी’. तो खाडाखोडीचा कागद आजही जपलेला आहे. दुसऱ्या दिवशी भाषण झाल्यावर तासाभरात दोन्ही सभागृहांनी युद्धाच्या ठरावाला मंजुरी दिली. सिनेटमध्ये 82 विरुद्ध 0, प्रतिनिधिगृहात 388 विरुद्ध 1.

खोडलेले शब्द आणि लिहिलेला शब्द शेजारी ठेवून पाहिले की कळतं. इतिहासात तारखा सगळ्याच राहतात, तिथे कोणावर बोट रोखलेलं नसतं. ‘इन्फेमी’ने ते रोखलं. हे मराठीत आणायला सगळ्यांत हाताशी असलेला शब्द ‘काळा दिवस’, आणि बातमीत तोच पडतो. पण काळा दिवस ज्यांच्यावर घाव पडला त्यांचा असतो. तो शोक करतो. रूझवेल्ट त्या वाक्यात शोक करत नव्हते, घाव घालणाऱ्याबद्दल जग काय म्हणत राहील ते सांगत होते. ‘जिच्या नावाने हल्लेखोरांची अपकीर्ती कायम सांगितली जाईल, ती तारीख’ असं मी करून पाहिलं. अर्थ सगळा आला, पण वाक्य लांबलं आणि पेन्सिलीने लिहिलेल्या त्या एका शब्दाचा तडाखा गेला. ‘दुष्कीर्तीत अमर’ असंही करून पाहिलं. त्या भाषांतराच्या कागदावर अजून दोन्ही लिहिलेले आहेत, एकही खोडलेला नाही.